आपल्याच माऱ्यात आपली माणसं: बडगाम, खुलना, कंदाहार… जबाबदारी नेमकी कुठे थांबते?

विजापूर वेस
रविवारच्या अभ्यासगटात हा विषय अर्ध्यावर सुटला, म्हणून धागा काढतोय. नियम नेहमीचेच. ऐकीव गोष्टी नकोत, कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन चिखलफेक नको, आणि आजच्या तैनातीबद्दल एक अक्षरही नको. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं सैन्यात आहेत, हे लक्षात ठेवून लिहा.

सुरुवात बडगामपासून. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमानं नौशेराच्या बाजूला आली. श्रीनगरची हवाई संरक्षण यंत्रणा पूर्ण सज्ज होती. त्याच वेळात आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर बडगामजवळ पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. हेलिकॉप्टरचं आयएफएफ (आपलं विमान ओळखून देणारं यंत्र) बंद होतं, जमीन आणि हेलिकॉप्टर यांच्यातला समन्वय तुटला होता आणि ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, असं चौकशीतून बाहेर आलं. २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली. प्रकरण पुढे न्यायालयातही गेलं.

माझं म्हणणं असं. अशा प्रत्येक घटनेत बटण दाबणारा माणूस आधी सापडतो, कारण तो सापडायला सोपा असतो. तो निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्यापर्यंत चुकीचं चित्र कुणी पोहोचवलं, ती पद्धत कुणी मंजूर केली, आणि आधी धोक्याची सूचना आली असेल तर ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली, हे तितक्याच कसोशीने विचारलं गेलं पाहिजे. जाणकारांनी लिहावं.

होटगी रोड
आधी आयएफएफ काय करतं ते नीट मांडतो, कारण बातम्यांत 'आयएफएफ बंद होतं' एवढ्यावरच गाडी थांबते.

हे यंत्र शत्रू ओळखत नाही. ते फक्त आपला ओळखतं, आणि तेही त्याने उत्तर दिलं तरच. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा जाते, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. साध्या मोडमध्ये उत्तर म्हणजे चार आकडी कोड. प्रत्येक आकडा ० ते ७, म्हणून एकूण ४०९६ कोड. लष्करी मोड ४ आणि मोड ५ मध्ये उत्तर सांकेतिक असतं आणि त्यासाठी किल्ली भरावी लागते. ही किल्ली ठरावीक काळाने बदलते.

आता उत्तर न येण्याची कारणं बघा. स्विच बंद किंवा स्टँडबायवर. किल्ली भरलीच नाही, किंवा कालची भरलेली. वीजपुरवठ्यात बिघाड. वळण घेताना विमानाच्या पोटाने किंवा पंखाने अँटेना झाकली गेली. मध्ये डोंगर आला. किंवा विमान व्यवस्थित उत्तर देतंय, पण विचारणाऱ्याच्याच यंत्रात तो मोड भरलेला नाही. शेवटचं कारण लोक विसरतात. २३ मार्च २००३ ला कुवेतजवळ अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटिश टॉर्नेडो विमान पाडलं, दोघे गेले. तिथे टॉर्नेडोच्या आयएफएफमध्ये बिघाड असण्याची दाट शक्यता निघाली, आणि इकडे पॅट्रियट तुकडीकडे मोड १ चे कोड भरलेले नव्हते. त्यातच पॅट्रियटच्या संगणकाने उतरत्या विमानाला रडारवर चाल करून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं. त्या तुकडीचं दळणवळण साहित्य अजून वाटेत होतं, त्यामुळे वरच्या मुख्यालयाचं मोठं चित्र त्यांना दिसतच नव्हतं. एका मिनिटाच्या आसपास वेळ, आणि त्यात निर्णय.

म्हणून कार्यपद्धतीत एक गोष्ट ठळक हवी: 'उत्तर नाही' याचा अर्थ 'अज्ञात', 'शत्रू' नव्हे. अज्ञात ते शत्रू या दोन पायऱ्यांमध्ये वेग, उंची, दिशा, ठरलेला हवाई मार्ग, उड्डाण परवान्याची नोंद आणि हवाई वाहतूक नियंत्रकाला थेट फोन, हे सगळं बसतं. श्रीनगरसारख्या तळावर नियंत्रक आणि क्षेपणास्त्राचा निर्णय घेणारा एकाच कुंपणाच्या आत असतात. हेलिकॉप्टर ताशी दोन-अडीचशे किलोमीटरने चालतं. लढाऊ विमान त्या वेगाने हल्ल्याला येत नाही. ही तपासणी करायला नवीन यंत्र लागत नाही.

कंबर तलाव
होटगी रोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला थोडा विरोध. हळू उडणारी वस्तू म्हणजे आपलीच, हे त्या सकाळी गृहीत धरता येत नव्हतं. सशस्त्र ड्रोनही हळूच उडतं. खोलीत बसलेल्या माणसाला खिडकीबाहेरचं दिसत नाही, त्याला पडद्यावरचा ठिपका दिसतो. मागच्या तासाभरात शत्रूची विमानं खरोखर आलेली आहेत. तुमच्या तळावर शंभर माणसं आणि कोट्यवधींची विमानं उभी आहेत. त्याने मारलं नसतं आणि ते खरंच शत्रूचं निघालं असतं, तर याच धाग्यावर त्याला दुसऱ्या बाजूने झोडपलं असतं.

जबाबदारी ठरवा, जरूर ठरवा. पण निकाल माहीत असताना मागे वळून सगळं सोपं दिसतं, याचं भान ठेवा.

अक्कलकोट नाका
कंबर तलाव, मुद्दा मान्य. पण १४ एप्रिल १९९४ चं उदाहरण घ्या, तिथे घाईचा बहाणा चालत नाही. उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ नी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ जण गेले. स्वच्छ दिवस, शत्रूचं एकही विमान हवेत नाही, वर अवॅक्स म्हणजे रडार घेऊन उडणारं टेहळणी विमान सगळं बघतंय.

साखळी कशी तुटली ते क्रमाने पाहा. उड्डाणबंदी क्षेत्रात शिरल्यावर मोड १ चा कोड बदलायचा होता. हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत हा बदल पोहोचलाच नव्हता, ते बाहेरचाच कोड वापरत होते. रेडिओची वारंवारताही बदलायची होती, तीही त्यांनी बदलली नव्हती. म्हणून ते एफ-१५ चं बोलणं ऐकूच शकत नव्हते. मोड ४ ने अधूनमधून उत्तर दिलं, पण सलग नाही. अवॅक्सच्या पडद्यावर ही हेलिकॉप्टरं आधी आपली म्हणून नोंदली गेली होती, नंतर डोंगरांत दिसेनाशी झाली, आणि एफ-१५ नी विचारलं तेव्हा तिथल्या कुणी ती नोंद पुढे केली नाही. शेवटी वैमानिकांनी जवळून बघून ती रशियन बनावटीची 'हिंद' नावाची लढाऊ हेलिकॉप्टरं असल्याचं ठरवलं. ब्लॅक हॉकच्या बाजूंना जादा इंधनटाक्या होत्या, त्यामुळे आकार तसा भासला.

यात सात-आठ जागी कुणीतरी 'थांब' म्हणू शकला असता. कोर्ट मार्शल झालं ते अवॅक्सवरच्या एका कॅप्टनचं, आणि तो १९९५ मध्ये निर्दोष सुटला. तुरुंगात कुणीच गेलं नाही. हेलिकॉप्टरं सैन्याची, विमानं हवाई दलाची, आणि तीन वर्षं दोघं एकाच आकाशात दोन वेगळ्या नियमांनी उडत होती. हा दोष कोणत्या कॅप्टनच्या नावावर टाकणार?

जुळे सोलापूर
जमिनीवर पडणाऱ्या बॉम्बबद्दल लिहिते. तिथे चूक बहुतेक वेळा आकड्यांत असते, आणि आकड्यांची चूक रोखता येते.

एकच आकडा तीन पद्धतींनी लिहितात: अंश-मिनिट-सेकंद, अंश आणि दशांश मिनिट, किंवा नुसते दशांश अंश. आपलंच उदाहरण घ्या. १७ अंश ४०.३० मिनिट आणि १७ अंश ४० मिनिट ३० सेकंद हे कानाला सारखे वाटतात. पण ०.३० मिनिट म्हणजे १८ सेकंद. फरक १२ सेकंदांचा. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर, म्हणजे जवळपास ३७० मीटर. सोलापुरात एवढ्या अंतरात एक वस्ती संपून दुसरी सुरू होते. पूर्ण एक मिनिट चुकलं तर १८५२ मीटर गेलं. लष्करी ग्रिडमध्ये सहा आकडे दिले तर १०० मीटरचा चौकोन, आठ दिले तर १० मीटर, दहा दिले तर १ मीटर. सहा आकड्यांच्या ठिकाणावर अचूक बॉम्ब टाकला तरी तो त्या १०० मीटरच्या चौकोनात कुठेही पडू शकतो, मग बॉम्ब कितीही महाग असो. त्यात नकाशा जुन्या एव्हरेस्ट आधाराचा (पृथ्वीचा आकार धरून मोजायच्या जुन्या पद्धतीचा) आणि यंत्र डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या आधाराचं असेल, तर आकडा तोच राहून जमिनीवरची जागा सरकते. दोन्हीकडे आधार कोणता, हे मोठ्याने विचारून घ्यायचं असतं.

६ मार्च २०२५ ला दक्षिण कोरियात सरावादरम्यान दोन केएफ-१६ विमानांनी आठ एमके-८२ बॉम्ब पोचोन इथल्या वस्तीवर टाकले. एकेक बॉम्ब ५०० पौंडांचा, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. बरेच लोक जखमी झाले. पुढच्या विमानाच्या वैमानिकाने ठिकाणाचा आकडा चुकीचा भरला होता. तो तपासायच्या किमान तीन संधी होत्या, तिन्ही गेल्या. दुसऱ्या विमानात आकडा बरोबर होता! पण एकदम बॉम्ब सोडायचे म्हणून त्याने पुढच्याच्या मागोमाग सोडले. म्हणजे दुहेरी तपासणीसाठी ठेवलेला माणूसच नक्कल करत होता. तिथे वैमानिकांवर कारवाई झालीच, शिवाय वरच्या दोन तुकडीप्रमुखांनाही पदावरून काढलं. अशी वरपर्यंत गेलेली कारवाई क्वचित दिसते.

बाळे
ताईंनी आकड्यांचं छान मांडलं. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते काय दाखवतं, याचीही भर घालतो.

५ डिसेंबर २००१, कंदाहारच्या उत्तरेला. लक्ष्याचा ठावठिकाणा देणाऱ्या सैनिकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र चालू झालं ते लक्ष्याचा आकडा सोडून स्वतःच्या जागेचा आकडा घेऊन. तोच आकडा बी-५२ ला गेला. दोन हजार पौंडी बॉम्ब अगदी अचूक त्यांच्याच डोक्यावर पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि सोबतचे अफगाण सैनिक गेले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते, थोडक्यात वाचले.

८ जानेवारी २०२० ला तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्या क्षेपणास्त्राने पडलं, १७६ जण गेले. इराणच्याच चौकशीत निघालं की क्षेपणास्त्राची गाडी दुसऱ्या जागी हलवल्यावर उत्तर दिशा पुन्हा जुळवली नव्हती आणि दिशेत १०७ अंशांची चूक राहिली. विमानतळावरून वर चढणारं विमान त्यांना भलत्याच दिशेने येताना दिसलं.

दोन्हींवर उपाय साधा आहे. बॅटरी बदलली, गाडी हलवली, यंत्र बंद होऊन चालू झालं की आधीचं सगळं रद्द समजायचं. माहीत असलेल्या एका खुणेवर पुन्हा पडताळायचं, आणि पाठवायच्या आकड्याची स्वतःच्या जागेच्या आकड्याशी तुलना करायची. दोन्ही सारखे निघाले तर तोंड उघडायचं नाही. हे यंत्राला आपोआप करायला लावणं कठीण नाही. पाठवायचा आकडा आणि स्वतःची जागा यांत ठरावीक अंतरापेक्षा कमी फरक असेल तर लाल अक्षरात इशारा. असं यंत्र खरेदी करताना ही अट न घालणारा माणूसही जबाबदारीच्या साखळीत येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अक्कलकोट नाका
बाळे, त्यासाठीच रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत वाचून दाखवणं असतं. जवळच्या हवाई माऱ्याच्या नऊ ओळींच्या संदेशात लक्ष्याची उंची आणि ठिकाण या दोन ओळी वैमानिकाने परत वाचून दाखवायच्याच असतात, आणि निर्बंधही. आठवी ओळ म्हणजे आपली माणसं लक्ष्यापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर. कंदाहारसारख्या वेळी सहावी (लक्ष्याचं ठिकाण) आणि आठवी ओळ शेजारी ठेवली की गोंधळ लगेच दिसतो. पण रीडबॅकने फक्त ऐकण्यातली चूक सापडते. मुळातच चुकलेला आकडा दोघंही बरोबर वाचतात.

दिशेचंही तसंच. जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत ऑपरेशन कोब्रा या अमेरिकन हल्ल्याच्या वेळी सैन्याला विमानं आपल्या रांगेला समांतर यायला हवी होती. ती काटकोनात, आपल्याच सैन्याच्या डोक्यावरून आली. काटकोनात आल्यावर बॉम्ब थोडा आधी सुटला तरी तो आपल्यावरच पडतो. त्यात पहिल्या बॉम्बांचा धूर आणि धूळ वाऱ्याने आपल्या बाजूला सरकली आणि मागच्या विमानांनी धुरावर नेम धरला. २५ जुलैला १११ अमेरिकन सैनिक गेले, त्यात लेफ्टनंट जनरल मॅकनेअरही होते. आदल्याच दिवशी हीच चूक घडून २५ जण गेले होते, तरी दुसऱ्या दिवशी त्याच दिशेने विमानं आली.

मार्डी
१९७१ विसरू नका. १० डिसेंबरला खुलन्याजवळ 'पद्मा' आणि 'पलाश' या मुक्तिवाहिनीच्या गनबोटी आणि आपली आयएनएस 'पनवेल' मिळून वर जात होत्या. मोहिमेचं नेतृत्व कमांडर मोहन सामंत यांच्याकडे, आपला मराठी माणूस. ओळखीसाठी बोटींवर पिवळा रंग दिलेला होता. तरीही आपल्याच विमानांनी हल्ला केला आणि पद्मा, पलाश दोन्ही गेल्या. पलाशच्या इंजिनरूममधले रुहुल अमीन बोट सोडून गेले नाहीत. त्यांना बांगलादेशने बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांना महावीर चक्र मिळालं.

रंगाची खूण तेव्हाच चालते, जेव्हा त्या दिवशी उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला ती सांगितलेली असते. २८ मार्च २००३ ला इराकमध्ये ब्रिटिश चिलखती गाड्यांवर ओळखीचे नारिंगी पट्टे होते. अमेरिकन ए-१० च्या वैमानिकांना ते नारिंगी रॉकेट वाटले. एक ब्रिटिश सैनिक गेला. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) हा मृत्यू बेकायदेशीर ठरवला.

कंबर तलाव
शिक्षेचं काय झालं तेही मांडा. एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ तारनाक फार्मला अमेरिकन एफ-१६ ने सराव करणाऱ्या कॅनेडियन सैनिकांवर बॉम्ब टाकला. चार गेले, आठ जखमी. खालून आपल्यावर मारा होतोय असं वैमानिकाला वाटलं. थांबायला सांगितलेलं असतानाही त्याने स्वसंरक्षण म्हणून बॉम्ब सोडला. मनुष्यवधाचे आरोप मागे घेतले गेले. २००४ मध्ये ५,६७२ डॉलर दंड आणि लेखी ताशेरे, एवढ्यावर संपलं. आणि त्या रात्री तिथे सराव चालू आहे हे त्याला उड्डाणाआधी कुणी सांगितलं नव्हतं! मला दोन्ही गोष्टी टोचतात. त्याने थांबायला हवं होतं, आणि त्याला सांगायला हवं होतं.

विजापूर वेस
मालक, हेच तर मी म्हणतोय. आता आपल्याकडच्या कायद्याचं कुणीतरी लिहा.

सात रस्ता
लिहितो, थोडं रुक्ष होईल.

घटना घडली की आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी. तिचं काम तथ्य गोळा करणं, शिक्षा देणं नाही. कुणाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर आच येणार असेल, तर लष्करी नियम १८० प्रमाणे त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यावं लागतं, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी लागते. ही संधी दिली नाही की पुढची सगळी कारवाई कोसळू शकते, आणि मग खरा दोषीही सुटतो. इन्क्वायरीतली जबानी कोर्ट मार्शलमध्ये त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८२. म्हणून नियम २२ ची आरोपाची सुनावणी, नियम २३ चं पुराव्याचं संकलन आणि मग कोर्ट मार्शल, असा नवा प्रवास करावा लागतो. लष्करी कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे साधारण तीन वर्षांची मुदत असते. शिवाय वरच्या अधिकाऱ्याने पुष्टी दिल्याशिवाय कोर्ट मार्शलचा निकाल पक्का होत नाही.

कोर्ट मार्शल टाळायचा रस्ताही आहे. ९ मार्च २०२२ ला आपलं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणसं वाचली. क्षेपणास्त्राचे लढाऊ कनेक्टर जंक्शन बॉक्सला जोडलेलेच राहिले होते, असं सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तीन अधिकाऱ्यांना काढलं, तेही कोर्ट मार्शल न करता, राष्ट्रपतींच्या मर्जीच्या अधिकाराखाली. झटपट झालं हे खरं. पण कोर्ट मार्शलमध्ये उलटतपासणीतून जे बाहेर आलं असतं, ती पद्धत कुणी लिहिली, कनेक्टर काढल्याची सही कोण तपासतो, ते सगळं फायलीतच राहिलं. मला हा मार्ग पटत नाही.

नागरिक मारले गेले तर दार आणखी अरुंद. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडमध्ये ओटिंगला चुकीच्या माहितीवर लावलेल्या सापळ्यात कोळसा खाणीतले सहा मजूर मारले गेले. राज्याच्या विशेष पथकाने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. अफ्स्पा या सशस्त्र दलांच्या विशेष अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे केंद्राची परवानगी लागते, ती मिळाली नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला. त्या मजुरांच्या घरच्यांना उघड सुनावणी मिळालीच नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

जुळे सोलापूर
ब्रिटनमध्ये २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट दाखवली. २५ मार्च २००३ ला बसऱ्याजवळ एका चॅलेंजर-२ रणगाड्याने दुसऱ्या चॅलेंजर-२ वर मारा केला, दोघे गेले. लढाईच्या धुमश्चक्रीतल्या निर्णयाला संरक्षण आहे, पण ओळख पटवणारी साधनं आणि प्रशिक्षण आधी दिलं नाही, या दाव्याला ते संरक्षण आपोआप लागू होत नाही, असं म्हणून न्यायालयाने दावा चालू दिला. मला हीच रेषा योग्य वाटते. गोळीबारात घेतलेल्या निर्णयाला झुकतं माप, आणि शांत कार्यालयात, पुरेसा वेळ असताना घेतलेल्या निर्णयाला अजिबात नाही.

बाळे
एक व्यवहाराचा प्रश्न. असा मृत्यू 'शत्रूच्या कारवाईत' धरत नाहीत म्हणून पेन्शन कमी बसतं का? कुणाला तरी सांगायला हवं आहे.

सात रस्ता
फरक मोठा आहे. उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे शेवटच्या पगाराइतकं, विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के. सगळं युनिटने 'बॅटल कॅज्युअल्टी' नोंदवलं की 'फिजिकल कॅज्युअल्टी', यावर फिरतं. पहिलं म्हणजे लढाईतली हानी, दुसरं म्हणजे लढाईबाहेरची. ऑपरेशन रक्षक या जम्मू-काश्मीरमधल्या मोहिमेत सहकाऱ्याच्या गोळीने गेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला हा लाभ नाकारता येणार नाही, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. म्हणून आधी पार्ट टू ऑर्डरची (युनिटने काढलेल्या अधिकृत नोंदीची) आणि मृत्यूच्या वर्गवारीची प्रत मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला पत्र जातं, ते विनाखर्च आहे.

इन्क्वायरीचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. सैन्य त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नाही, त्यामुळे 'आम्हाला कायदाच लागू नाही' हे उत्तर चालत नाही. अर्ज १० रुपयांचा. 'संपूर्ण अहवाल द्या' एवढंच लिहून थांबू नका. मृत्यूचं कारण, निष्कर्ष आणि वर्गवारी यांची पानं वेगळी नमूद करा, आणि सुरक्षेचा भाग वगळून कलम १० खाली उरलेला द्या, असं स्पष्ट लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा कलम ८ चं कारण देऊन नाकारलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पोस्टाची पावती जपून ठेवा. मुदत अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून मोजतात.

बाळे
आभार. पार्ट टू ऑर्डर त्यांच्याकडे नाही, उद्याच पत्र टाकायला सांगतो.